नाते, करार आणि उस्तवार

विवाहाबाहेरील संबंधांचा विचार मराठी साहित्यसमीक्षेने बहुधा दोनच संज्ञांच्या आधारे केला आहे: बंडखोरी आणि ऱ्हास. एखादी नायिका नवऱ्याचे घर सोडून निघाली, की एका पक्षाला तिच्यात मुक्तीची पहाट दिसते व दुसऱ्याला संस्कृतीची अखेर. दोन्ही पक्षांचे लक्ष मात्र एकाच ठिकाणी खिळलेले असते. ते म्हणजे, कोण कोणाच्या शेजेवर आहे. आजारी पडलेल्याला पाणी कोण देतो, घरभाडे कोण भरतो, मेल्यावर खांदा कोण देतो आणि मागे उरलेल्या भांड्याकुंड्यांवर हक्क कोणाचा, हे प्रश्न या समीक्षेला रुक्ष वाटतात. वस्तुतः जवळिकीचा खरा इतिहास या रुक्ष प्रश्नांतच दडलेला आहे. आजाऱ्याची, मुलाची, वृद्धाची आणि घराची जी नित्य निगा राखावी लागते तिला मराठीत ‘उस्तवार’ असा जुना आणि नेमका शब्द आहे. नाते कशाने सिद्ध होते याचे उत्तर रक्त आणि विधी यांच्याआधी या उस्तवारीत शोधले पाहिजे. गेल्या काही वर्षांत दिल्लीत जे घडले त्याने हा शोध अपरिहार्य केला आहे.

सर्वोच्च न्यायालयाने १६ ऑगस्ट २०२२ रोजी एका परिचारिकेच्या प्रसूतिरजेच्या प्रकरणात निर्णय देताना असे मत नोंदविले, की आईबाप व त्यांची मुले एवढ्यानेच कुटुंब होत नाही. अविवाहित जोडीदार, समलिंगी जोडीदार, एकटे पालक, पुनर्विवाहाने किंवा दत्तकाने एकत्र आलेली माणसे यांचीही कुटुंबे असतात व तीही कायद्याच्या संरक्षणास पात्र आहेत. पुढच्याच वर्षी, १७ ऑक्टोबर २०२३ रोजी, त्याच न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने समलिंगी विवाहास मान्यता देण्याचे नाकारले. विवाहाचा मूलभूत अधिकार राज्यघटनेत नाही यावर पीठाचे एकमत होते. विवाहाखेरीज अन्य स्वरूपाच्या सहजीवनास कायदेशीर मान्यता देण्यासही तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने नकार मिळाला. अशा जोडप्यांच्या अडचणींचा विचार करण्यासाठी समिती नेमण्याचे केंद्र शासनाचे आश्वासन तेवढे नोंदले गेले. त्यानंतर २०२४ साली निघालेल्या शासकीय सूचना मात्र लक्षपूर्वक वाचण्यासारख्या आहेत. शिधापत्रिकेसाठी अशा जोडीदारांना एकाच घरातील मानावे. संयुक्त बँक खाते उघडण्यास त्यांना आडकाठी नसावी. जवळचे नातलग उपलब्ध नसतील तेव्हा मृतदेह जोडीदाराला ताब्यात घेता यावा. ज्यांना विवाह नाकारला त्यांच्याबाबत शासनाला अखेर अन्न, पैसा आणि मरण या तीन गोष्टींचा विचार करावा लागला. कुटुंब कशासाठी असते याचे इतके उघड उत्तर दीर्घ निकालपत्रांतही सापडणे कठीण. तथापि तिसऱ्या सूचनेतील अट जुनाच क्रम कायम ठेवते. वीस वर्षे ज्याने सांभाळले तो दाराबाहेर आणि वीस वर्षांत ज्याने तोंड पाहिले नाही तो भाऊ दाराच्या आत, ही स्थिती तिने बदललेली नाही.

ज्या दोन व्यवस्थांच्या कात्रीत हे संबंध सापडले आहेत त्यांपैकी पहिली परंपरेची. दिल्लीच्या भोवतालच्या हरियाणात आणि पश्चिम उत्तर प्रदेशात गोत्र, गाव आणि जात यांची बंधने मोडणाऱ्या जोडप्यांवर खाप पंचायतींनी कोणते प्रसंग आणले ते सर्वश्रुत आहे. दोन सज्ञान व्यक्तींच्या विवाहात अशा पंचायतींनी हस्तक्षेप करणे बेकायदेशीर आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला २७ मार्च २०१८ रोजी स्पष्ट शब्दांत सांगावे लागले. परंतु १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने घातलेली तीस दिवसांच्या जाहीर नोटिशीची अट कायम आहे. घरातून पळून आलेल्या मुलीच्या दृष्टीने तीस दिवस म्हणजे माग काढणाऱ्यांना दिलेली मुदतच होय. अशा नोटिसा वधूवरांच्या घरी पाठवू नयेत, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली बजावले होते, त्याचे कारणही हेच. जात आणि जमीन ज्या कुटुंबातून वाहत येतात त्या कुटुंबाला मुलीची निवड ही मालमत्तेतील गळती वाटते. महाराष्ट्राने या बाबतीत स्वतःला वेगळे समजण्याचे कारण नाही.

दुसरी व्यवस्था बाजाराची. पहिलीपासून सुटण्याचा मार्ग म्हणून तीच पुढे केली जाते: नोकरी, स्वतंत्र सदनिका, स्वतःच्या पैशाने विकत घेतलेले खासगी आयुष्य. हे स्वातंत्र्य खोटे नाही. अनेक स्त्रियांचा जीव त्याने वाचविला आहे. पण त्याची किंमत कोण चुकविते तेही पाहिले पाहिजे. २०२४ च्या राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणानुसार घरातील विनामोबदला कामात भाग घेणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटे खर्चितात, तर पुरुष ८८ मिनिटे. जिथे हे ओझे उतरले असे दिसते, त्या गुरुग्राम-नोएडाच्या उंच इमारतींत ते बहुधा बंगाल-झारखंडहून आलेल्या दुसऱ्या स्त्रीच्या डोक्यावर गेलेले असते, आणि तिची स्वतःची मुले गावी आजीपाशी असतात. गृहिणीचे खासगी श्रम ही एक प्रकारची दास्यवृत्ती आहे, असे एंगेल्सने १८८४ साली म्हटले होते. त्या दास्याला आज पगार मिळू लागला, पण त्याची वाटणी बदललेली नाही. तात्पर्य, बाजाराने कुटुंबातील उस्तवार नाहीशी केली नाही. ती फक्त स्वस्तात दुसरीकडे सोपविली.

घर सोडले म्हणजे सत्ताही सुटली, या समजुतीची सर्वांत कठोर तपासणी मराठीत विजय तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’ने केली आहे. १९७२ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकाला परिनिरीक्षण मंडळाने हरकत घेतली आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. वाद झाला तो अश्लीलतेवर. नाटकाचा गाभा मात्र एक करार आहे. नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांना सखाराम घरी आणतो, अटी आधीच सांगतो, लग्नाचे ढोंग करीत नाही आणि पटेनासे झाले की जाण्याची मोकळीक देतो. विवाहसंस्थेची त्याने केलेली निर्भर्त्सना पुष्कळशी खरी आहे. तरी त्याच्या घरात अटी ठरविणारा एकच आहे, कारण छप्पर त्याचे आहे आणि येणारीला दुसरे छप्पर नाही. म्हणजे तिची संमती उपाशी मजुराच्या संमतीच्या जातीची आहे. परंपरेची धनीपणाची वृत्ती आणि बाजाराचा करार हे दोन्ही एका पुरुषात एकत्र आले, की काय होते ते चंपाच्या अंतावरून दिसते. लक्ष्मी परत येते तेव्हा चंपा तिला थारा देते आणि दोघी घरातील काम व धन्याचे शरीर यांची आपसात वाटणी करतात. नाटकातील हा थोडा काळ विलक्षण आहे. त्यात सोबतीचे बीज दिसते न दिसते तोच मत्सर आणि धर्मभावना ते चिरडून टाकतात. नाटकाच्या श्लीलाश्लीलतेवर जितके लिहिले गेले त्या मानाने या वाटणीकडे समीक्षेचे लक्ष फारसे गेलेले नाही.

श्रमाची वाटणी हाच जवळिकीचा अर्थ मानणारी एक परंपरा मराठीत फार जुनी आहे. मीरेने गिरिधराला पती मानले. जनाबाईच्या विठ्ठलाला तसे नाव देता येत नाही. नामदेवाच्या घरची ही दासी आपल्या अभंगांत ज्या देवाची सोबत सांगते तो तिच्यासोबत दळतो, शेण्या वेचतो, तिचे केस विंचरतो. तो तिचा नवरा नाही. आई, सखा आणि सोबती अशी त्याची रूपे आलटूनपालटून दिसतात. शूद्र, दासी आणि एकटी स्त्री अशा तिहेरी हीनत्वात ठेवलेल्या जनाबाईने प्रेमाची जी कल्पना केली तिच्या केंद्रस्थानी जात्याचा दुसऱ्या बाजूने धरलेला खुंटा आहे. भारतीय भक्तिवाङ्मयाच्या अभ्यासकांनी मधुराभक्तीला जे महत्त्व दिले त्याच्या तुलनेत या श्रमभक्तीची मीमांसा फारच थोडी झाली आहे.

जनाबाईची ही कल्पना एका खऱ्या घरात उतरलेली पाहावयाची तर पुण्यातील फुले दांपत्याकडे वळावे लागते. जोतीरावांनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. काशीबाई या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत यास त्यांनी व सावित्रीबाईंनी दत्तक घेतले आणि १८८७ च्या मृत्युपत्राने त्याचा वारसा निश्चित केला. एका माळी घराने ब्राह्मण विधवेच्या मुलास वारस करणे म्हणजे जात, रक्त आणि मालमत्ता यांची गाठ सोडविणे होते. १८९० मध्ये जोतीराव वारले तेव्हा दत्तकपुत्राच्या अधिकारावरून भाऊबंदांनी वाद घातला आणि सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हाती घेतले, असे चरित्रकार सांगतात. सावित्रीबाई १८९७ साली प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना गेल्या. त्या कामात डॉक्टर झालेला यशवंत त्यांच्यासोबत होता. वरवर पाहता हे पतिपत्नी आणि पुत्र असेच कुटुंब होय. त्याचा पाया मात्र उस्तवारीचा होता, आणि म्हणूनच त्याचा दरवाजा परक्यांना उघडा राहिला. प्रेताचा अधिकार कोणाचा, हा २०२४ च्या सूचनेने अर्धवट सोडलेला प्रश्न त्या घराने १८९० मध्येच सोडविला होता.

यावर एक आक्षेप रास्त आहे. सेवेच्या गौरवानेच तर परंपरेने स्त्रीला जखडले. आता उस्तवारीला नात्याचे प्रमाण मानले तर तेच जोखड नव्या नावाने तिच्या मानेवर येणार नाही काय? येईल, जर उस्तवार केवळ कर्तव्य राहिली तर. परंपरेने सेवा स्त्रीकडून घेतली आणि अधिकार वंशाला दिला. जो सांभाळतो त्याला निर्णयाचा, निवाऱ्याचा आणि वारशाचा अधिकार असावा, सांभाळण्याची पाळी सर्वांवर यावी आणि ते काम सोडून देण्याची मुभाही असावी, एवढे झाले तर सेवा दास्य राहणार नाही. जनाबाईचा देव तिची स्तुती करून थांबत नाही, दळू लागतो. फरक नेमका हाच आहे.

कायद्याच्या दृष्टीनेही हे अशक्य नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने विवाहसदृश संबंधांना संरक्षण दिले. पण समाजापुढे पतिपत्नीप्रमाणे वावरणे ही न्यायालयाने २०१० साली लावलेली कसोटी पाहता तिथेही मोजपट्टी विवाहाचीच राहिली. उत्तराखंडच्या २०२४ च्या समान नागरी संहितेने सहजीवनाची नोंदणी सक्तीची करून शिक्षेची तरतूद केली. तिथे राज्यसंस्था गावपंचायतीच्या जागी बसते. याउलट २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने प्रत्येक सज्ञान व्यक्तीला आपला प्रतिनिधी स्वतः नेमण्याचा अधिकार दिला आहे, आणि तो प्रतिनिधी रक्ताचा किंवा लग्नाचा असलाच पाहिजे असे बंधन घातलेले नाही. हेच तत्त्व सर्व रुग्णालयांना, शिधापत्रिकेला, भाड्याच्या घराला, निवृत्तिवेतनाला आणि अंत्यविधीला लागू झाले पाहिजे. मैत्रीण, शेजारीण, सहकारी, गुरू, चेला यांपैकी जिला वा ज्याला माणूस स्वेच्छेने आपले म्हणेल, त्याचे नाव नातलगांच्या यादीच्या शेवटी न राहता आरंभी यावे. त्यात विवाहितांचे काही हिरावले जात नाही. त्यांनाही आपल्या जोडीदाराचे नाव लिहिण्यास कोणी अडवीत नाही.

साहित्याच्या अभ्यासकांनी या प्रश्नाकडे कायद्याचा प्रश्न म्हणून पाठ फिरवू नये. कोणते नाते वाचकाला खरे वाटावे हे पुष्कळ अंशी साहित्य आणि समीक्षा ठरवीत असते, आणि न्यायाधीशही अखेर वाचकच असतात. भारतीय भाषांतील कथाकादंबऱ्या नव्याने वाचताना विधवा आत्या, आश्रित मावशी, जन्मभर एकाच खोलीत राहिलेले दोन गिरणीकामगार, एकमेकींची मुले वाढविणाऱ्या शेजारणी यांच्याकडे दुय्यम पात्रे म्हणून पाहणे थांबले पाहिजे. त्यांनी केलेल्या उस्तवारीचा हिशेब समीक्षेने मांडला, तर विवाह हा सहजीवनाच्या अनेक प्रकारांपैकी एक प्रकार म्हणून दिसू लागेल, आणि ज्यांना तो मिळाला नाही किंवा नको आहे त्यांच्या आयुष्यांना दयेवाचून वाचता येईल.