खोटं बोलले नाहीत, पण सांगितलंही नाही



‘यशस्वी उद्योजक’ हा निबंध दिला की निम्म्या वह्यांत बिल गेट्स हमखास भेटतात. कॉलेज सोडलं, कष्ट केले, जगातले सर्वांत श्रीमंत झाले, आणि निबंध संपला. मधलं एक पान मुलं गाळतात, कारण आपणच ते कधी शिकवलेलं नसतं. न्हावा शेवा बंदराजवळच्या आमच्या शाळेत यंदा मी ते पान आठवीच्या वर्गाला सांगितलं.

१९८० साली आयबीएम ही बलाढ्य कंपनी आपला पहिला पीसी बनवत होती. त्याची ऑपरेटिंग सिस्टीम पुरवायचं काम मायक्रोसॉफ्टने घेतलं. पण तशी सिस्टीम त्यांच्याकडे तयार नव्हतीच! ती होती ‘सिएटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स’ या छोट्या कंपनीकडे. टिम पॅटरसन या तरुण अभियंत्याने लिहिलेली. मायक्रोसॉफ्टने आधी २५ हजार डॉलर देऊन वापराचा परवाना घेतला आणि जुलै १९८१ मध्ये आणखी ५० हजार देऊन सगळे हक्क घेतले. खरं गिऱ्हाईक आयबीएम आहे, हे परवाना देताना त्या कंपनीला सांगितलेलं नव्हतं. १२ ऑगस्ट १९८१ रोजी पीसी जाहीर झाला. पुढे इतर कंपन्या तसेच संगणक बनवू लागल्या. त्यांनाही एमएस-डॉस लागायचं आणि ते विकायचा हक्क मायक्रोसॉफ्टने स्वतःकडे राखला होता. खरा पैसा तिथे मिळाला. छोटी कंपनी नंतर कोर्टात गेली आणि १९८६ मध्ये ९ लाख २५ हजार डॉलरवर तडजोड झाली.

वर्गाला विचारलं, “ही हुशारी की फसवणूक?” बहुतेक हात हुशारीच्या बाजूने. “मॅडम, ते खोटं कुठे बोलले? धंद्यात असंच असतं.”

तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “आमच्या आजीच्या प्लॉटचं पण असंच झालं.”

साडेबारा टक्क्यांचा प्लॉट म्हणजे काय, हे आमच्या उरण तालुक्यात मुलांना समजावावं लागत नाही. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या लढ्यातून प्रकल्पग्रस्तांना हा हक्क मिळाला. आजीने तो घरातल्या लग्नासाठी विकून टाकला. घेणाऱ्याला पुलाचा रस्ता कुठून जाणार ते ठाऊक होतं, आजीला नव्हतं. तोही खोटं बोलला नाही. त्याने फक्त सांगितलं नाही.

मी पुन्हा हात वर करायला सांगितले. या वेळी निम्मेसुद्धा आले नाहीत.

आता कोणी म्हणेल, व्यवहारात सगळंच कसं सांगायचं? बरोबर आहे. आयबीएमनेही मायक्रोसॉफ्टकडून गुप्ततेचा करार करून घेतला होता, ते नाव फोडू शकत नव्हते. पण नाव न सांगताही प्रत्येक विक्रीमागे थोडा हिस्सा देता आला असता. तसं न करता एकरकमी सगळे हक्क घेतले. माझा आक्षेप गुप्ततेला नाही, त्या गुप्ततेचा सगळा फायदा एकट्याने घेण्याला आहे. गेट्स यांनी नंतर मोठं दान केलं, त्याचा आदर आहेच. पण दानाचा धडा वेगळा आणि या व्यवहाराचा वेगळा.

आपण मुलांना ‘खोटं बोलू नये’ एवढंच शिकवतो आणि तिथे थांबतो. मुलगा मित्राचं महागडं पेन दहा रुपयांत घेऊन येतो आणि सांगतो, “त्याला किंमतच माहीत नव्हती!” तेव्हा आपण हसून म्हणतो, “चलाख आहे हो आमचा!” पालकहो, वर्गातले ते पहिले हात असेच वर आले होते.

यापुढे मी या निबंधाखाली एक प्रश्न लिहिणार आहे: समोरच्याला सगळं ठाऊक असतं, तर त्याने याच भावात विकलं असतं का? तुम्हीही घरी विचारून पाहा.