रेंज कोणाची चांगली?

जत तालुक्यांत चार शेतकरी एकत्र बसले कीं पावसाच्या खालोखाल जो विषय निघतो तो मोबाइलच्या रेंजचा होय. एक जिओची बाजू घेतो, दुसरा एअरटेलची, तिसरा व्होडाफोन-आयडियाला धरून असतो, आणि एखादे जुने गृहस्थ अद्याप बी. एस. एन. एल. सोडावयास तयार नसतात. मग फोन वर करून त्यावरील दांड्या एकमेकांस दाखविण्यांत येतात व वाद मिटला असें समजण्यांत येतें. आमचें म्हणणें असें कीं, या रीतीनें वाद मिटत नाहीं. चुकीचें सिम मात्र पदरीं पडतें.

हा विषय आतां केवळ गप्पांचा राहिलेला नाहीं. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली, आणि पिकाची नोंद सात-बारावर चढविण्यासाठीं खातेदारानें स्वतः शेतांत उभें राहून फोटो काढावा व तो पुढें धाडावा असें ठरलें. नोंद राहिली म्हणजे नुकसानभरपाईच्या वेळीं काय हेलपाटे पडतात, तें ज्यांनीं सोसलें आहे त्यांस सांगावयास नको. बोअरची मोटर घरून चालू-बंद करणारा मोबाइल-स्टार्टर घ्या, किंवा माळावर माडग्याळी मेंढरें चारणाऱ्यास वीज पडण्याची आगाऊ सूचना देणारें ‘दामिनी’ ॲप घ्या. शेतांत रेंज नसेल तर दोन्ही निरुपयोगी.

संख भागांतील आमच्या परिचयाचे एक डाळिंब-बागाईतदार गेल्या हंगामांत या पायीं फार त्रासले. नोंदीचा फोटो बांधावरून कांहीं केल्या पुढें जाईना. फोनवर दांड्या तर तीन! त्यांनीं कंपनीस मनसोक्त शिव्या दिल्या, नंबर तोच ठेवून कंपनी बदलली, आणि आठ दिवसांनीं पुन्हां तोच अनुभव घेतला. अखेरीस पुतण्यानें तेंच सिम आपल्या फोनांत घातलें, आणि त्याच बांधावरून फोटो तत्काळ गेला. दोष हँडसेटचा होता. विशेष हें कीं, पुतण्याच्या फोनवरहि दांड्या तीनच होत्या.

किती शक्तीला किती दांड्या दाखवाव्या, याचा सर्वांनीं पाळावा असा एक नियम नाहीं. फोन बनविणारा तें आपल्या मर्जीनें ठरवितो. २०१० सालीं आयफोन ४ विषयीं ओरड झाल्यावर ॲपल कंपनीनें स्वतःच कबूल केलें होतें कीं, दांड्या काढण्याचें आपलें सूत्र चुकीचें असून, कित्येकदां दोन दाखवावयाच्या तेथें फोन चार दाखवीत होता. एवढ्या नामांकित कंपनीची ही कथा, तर आपण सात-आठ हजारांत घेतलेल्या फोनच्या दांड्यांवर भरंवसा किती ठेवावा?

खरें माप फोनच्या पोटांतच असतें व तें पाहण्यास पैसा लागत नाहीं. बहुतेक ॲन्ड्रॉइड फोनांत सेटिंगमध्यें ‘अबाउट फोन’ व त्यांतील ‘सिम स्टेटस’ येथें सिग्नलची शक्ति डीबीएम या मापांत लिहिलेली सांपडते. आयफोनमध्यें *३००१#१२३४५#* हा क्रमांक फिरविला असतां ‘फील्ड टेस्ट’ उघडते. आंकडा उणे असतो, याचें आमच्या मंडळींस प्रथम नवल वाटतें. उणे ८० हें उणे १०० हून चांगलें. शिवाय हें माप गजफुटासारखें सरळ चालत नाहीं. दहाचा फरक म्हणजे शक्तींत दसपट अंतर, तिनाचा फरक म्हणजे सुमारें दुप्पट. म्हणून उणे ८० व उणे ११० यांत हजारपटीचें अंतर पडतें. फोर-जीच्या बाबतींत साधारणपणें उणे ९० पर्यंत काम निर्वेध चालतें, उणे १०० च्या पुढें फोटो रेंगाळूं लागतो, आणि उणे १२० च्या सुमारास बोलणेंहि तुटतें.

तुलना करावयाची ती न्यायानें करावी. बियाण्याच्या दोन जाती पारखावयाच्या तर आपण त्या एकाच रानांत, एकाच वाफशावर पेरतों. एक काळ्या रानांत व दुसरी माळावर पेरीत नाहीं. त्याचप्रमाणें कंपन्यांची तुलना एकाच हँडसेटांत सिम बदलून, व हँडसेटांची तुलना एकच सिम फिरवून करावी. जागा तीच, वेळ तीच, फोन धरण्याची रीतहि तीच असावी. फोर-जीचा आंकडा फोर-जीशींच ताडावा; टू-जीची मोजण्याची रीत निराळी आहे. सीमेलगतच्या उमदीसारख्या भागांत फोन कर्नाटकांतील टॉवर धरण्याचा संभव असतो. तसें झालें तर तेंहि टिपून ठेवावें.

आम्ही कोणा एका कंपनीचा झेंडा हातीं धरीत नाहीं, कारण साऱ्या तालुक्यास लागू पडेल असें उत्तरच नाहीं. टॉवर कोठें आहे, मध्यें टेकडी आहे कीं आपलें शेत ओढ्याच्या खोलगटांत आहे, यावर सारें अवलंबून. तथापि एक भेद ध्यानांत ठेवावा. जिओकडे टू-जी नाहीं. तिचें बोलणेंहि फोर-जी किंवा फाइव्ह-जीवरच चालतें. म्हणून जुन्या टू-जी बनावटीच्या स्टार्टरांत तिचें सिम चालत नाहीं, मग रेंज कितीहि उत्तम असो. स्टार्टरला एका कंपनीचें व खिशांतील फोनला दुसरीचें सिम ठेवणें, यास आम्ही उधळपट्टी म्हणणार नाहीं.

हँडसेट घेतांना आपण कॅमेरा पाहतों. दुकानदारहि तोच दाखवितो. पाहावयाचे ते बँड. ७००, ८५० व ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी दूरवर जातात व भिंतींतूनहि बऱ्यापैकीं शिरतात. १८०० व २३०० च्या लहरींचा पल्ला त्या मानानें तोकडा. वस्तीवर राहणाऱ्यास पहिल्या जातीची गरज अधिक. बी. एस. एन. एल.चें फोर-जी ७०० व २१०० या पट्ट्यांवर आहे. ज्या फोनांत ७०० चा पट्टा, म्हणजे बँड २८, नाहीं, त्यास त्या सेवेचा लांब पल्ल्याचा लाभ मिळणार नाहीं.

शक्ति म्हणजेच वेग, असेंहि समजूं नये. जतेस यल्लम्मादेवीच्या यात्रेंत टॉवरखालीं उभें राहूनहि फोन लागत नाहीं, कारण टॉवर एक व मागणारे हजारों.

ट्रायच्या २०२४ च्या नियमांमुळें कंपन्यांना आपल्या सेवेचे नकाशे संकेतस्थळांवर प्रसिद्ध करावे लागत आहेत. ते अवश्य पाहावे. परंतु नकाशांत आपलें शिवार रंगविलेलें आहे म्हणून आपल्या विहिरीपाशीं बोलणें होईलच असें मानूं नये. त्यावर हरकत घ्यावयाची तर हातीं आंकडे पाहिजेत. यासाठीं प्रत्येक गांवच्या सोसायटीनें एक वही घालावी व तींत गट नंबर, तारीख, वेळ, कंपनी, फोनची बनावट व डीबीएम एवढेंच लिहीत जावें. “रेंज येत नाहीं” या तोंडी तक्रारीपेक्षां अशा चाळीस नोंदींचें वजन निराळें पडेल. (टॉवर गांवांत हवा पण आपल्या बांधाला नको, असें म्हणणारे सभासदहि आम्हांस ठाऊक आहेत, त्यांनीं आपल्या गटाचा आंकडा आधीं लिहावा.)

नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय २०११ पासून देशभर आहे. पण एकदां बदलल्यावर ९० दिवस पुन्हां बदलतां येत नाहीं. तेव्हां १९०० वर संदेश धाडण्यापूर्वीं शेजाऱ्याचें सिम घटकाभर मागून आपल्या फोनांत घालावें, आणि बांधावर, घरांत व मोटरीपाशीं असे तीन आंकडे टिपून घ्यावे.