दसरा काढताना

पितृपंधरवडा लागला की मराठवाड्यातल्या घराघरांत दसरा काढायला सुरुवात होते. माळ्यावरची पितळी भांडी खाली येतात, भिंती झाडून निघतात आणि घट बसण्याआधी घरातले अंथरूण-पांघरूण एकदा पाण्यातून निघालेच पाहिजे म्हणून वाकळांची गाठोडी गोदेच्या, दुधनेच्या, पूर्णेच्या काठाला जातात. नदी नसेल तिथे विहिरीवर, नाहीतर अंगणातल्या हौदावर. भिजलेली वाकळ एकटीला उचलत नाही. दोघी जणी दोन टोके धरून उलटसुलट पीळ देतात, पाण्याची धार पायांवर घेतात आणि ती जड वळकटी काठावरच्या दगडांवर उलगडतात. याच पंधरवड्यात नवे कापड घरात आणायचे नाही, हीही आपलीच रीत. नव्याला मज्जाव आणि जुन्याची सेवा, असे वर्षातले हे पंधरा दिवस.

वाळत घातलेल्या वाकळेत वर आजीचे लुगडे दिसते, आतल्या थरात आजोबांचे धोतर असते, कुठे कुणाचा शाळेचा सदरा, आणि विरलेल्या जागी अलीकडच्या साडीचे ठिगळ. नेसून विटले की वाकळेत, मऊ पडले की बाळुत्यात, अगदीच चिंध्या झाल्या की पोतेऱ्याला, ही कापडाची उतरंड आपण कुठल्या पुस्तकातून शिकलो नाही. जन्मलेल्या बाळाच्या अंगाला पहिला स्पर्श आपण जुन्याच कापडाचा होऊ देतो. गंगाखेडच्या जनाबाईची आख्यायिका तर आपल्या परभणी जिल्ह्याला तोंडपाठ: पहाटे घाईत निघालेला विठ्ठल आपले पदक विसरला आणि जनीची वाकळ पांघरून राउळी गेला. दासीचे वापरलेले पांघरूण अंगावर घ्यायला देवाला संकोच वाटला नाही. आज ज्याला शाश्वत फॅशन म्हणतात तिची घडी आपल्याकडे मोडलेली नव्हती.

ती मोडली अलीकडे. मोडणारा हात आपलाच असला तरी धागा पॉलिएस्टरचा आहे. या धाग्याची साडी विरत नाही, घाम टिपत नाही, तिचे बाळुते होत नाही, आणि तिची वाकळ उन्हाळ्यात अंगाला चिकटते. म्हणून ती कपाटातच राहते, किंवा भांडेवालीच्या गाठोड्यात जाते. चार साड्या आणि दोन पँटींवर स्टीलचे एक पातेले, त्यातही घासाघीस. आहेराच्या साड्यांची गोष्ट तर बोलायलाच नको. घडीही न मोडता त्या पाच-सहा लग्ने फिरून येतात आणि एखाद्या दिवशी मूळ मालकिणीच्याच ओटीत पडतात. जुन्या कपड्यांचा व्यवहार आपल्याला नवा आहे असे कोण म्हणेल?

एक शंका मात्र परभणीत बसून टाळता येत नाही. हा कापसाचा जिल्हा. मानवत-सेलूच्या जिनिंगवर इथल्या संसारांची गणिते बांधलेली, इथल्या कृषी विद्यापीठाच्या मेहबूब बाग केंद्रात देशी कापसावर वर्षानुवर्षे संशोधन झालेले. लोकांनी नवे कपडे कमी घेतले तर मार आपल्याच शेतकऱ्याला बसेल ना? पण जगात आज जेवढा धागा तयार होतो त्यातला निम्म्याहून अधिक पॉलिएस्टर आहे. कापसाचा वाटा पाचव्या हिश्श्याच्या आसपास उरला आहे. जिथे किलोच्या भावात कपड्यांचे ढीग विकले जातात तिथे कापूस आधीच हरलेला असतो. एका सुती शर्टामागे सुमारे 2,700 लिटर पाणी लागते असा जागतिक अंदाज आहे. आपल्या कोरडवाहू रानात त्यातले बहुतेक पावसाचेच, पण वेचणाऱ्या बाईचे कष्ट त्या हिशेबात येत नाहीत. इतक्या सायासाने आलेला सदरा दोनच सणांत टाकून देणे हा त्या कापसाचा मान नव्हे. तो दहा वर्षे, दोन-तीन अंगांवर फिरला, तरच पुढचा सदरा चांगल्या सुताचा आणि चार पैसे जास्त देऊन घेण्याची ऐपत आपल्यात उरेल.

इथे थोडे थांबायला हवे. जुने कपडे वापरा, हा उपदेश सगळ्यांना सारखा करता येत नाही. उतरलेली वस्त्रे, मढ्यावरचे कापड ज्यांच्या वाट्याला सक्तीने आले, त्यांच्यासाठी अंगावरचा नवा कपडा ही मिळवलेली प्रतिष्ठा आहे. 1927 च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना नेसण्याची, राहण्याची पद्धत बदलायला सांगितले, ते उगाच नव्हे. म्हणून हे कर्तव्य आधी त्यांचे, ज्यांच्या कपाटाचे दार लागत नाही. आणि ते कर्तव्य नुसते देण्याचे नाही. देण्यात आपला हात वर राहतो. कुठे पूर आला की आपण फाटकीतुटकी गाठोडी पाठवतो आणि पुण्य जोडल्याच्या थाटात मोकळे होतो. खरी परीक्षा घेण्यात आहे. दुसऱ्याने वापरलेला, धुतलेला, बटणे लावलेला शर्ट आपण स्वतः मोल देऊन घेऊ का, आणि भाऊबीजेला तो घालून बहिणीच्या दारी जाऊ का?

सोय अवघड नाही. बचत गटांच्या बायका पापड-लोणच्यांची विक्री मांडतात, त्याच मांडवात जुन्या कपड्यांचा एक कोपरा मांडता येईल. किंमत वीस-तीस रुपये का असेना, पण असावी, म्हणजे घेणारा गिऱ्हाईक ठरतो, याचक नाही. महाविद्यालयांतली मुले-मुली तर मोबाईलवरून अशी देवघेव करू लागलीच आहेत, घरच्यांना न सांगता. उरतो तो मापाचा प्रश्न. दिवाळी तोंडावर आली की कुठलाही टेलर अल्टरचे काम हातात घेत नाही, 'आता सणानंतर' म्हणून वाटेला लावतो. पण पितृपंधरवड्यात नवे कापड कुणी शिवायला टाकत नाही आणि त्याची मशीन रिकामी असते. कंबर आत घ्यायची, बाह्या आखूड करायच्या, रफू करायचा, तर पिशवी भरून याच पंधरवड्यात त्याच्याकडे जावे.