मागचा शॉकअप

सध्या आमच्या घरी एकच वाद चालू आहे : सायकल कोणती घ्यायची?

धाकट्या नातवाला पुढे-मागे शॉकअप असलेली माउंटन बाईक हवी. "आजोबा, डोंगरात हीच लागते!" मी विचारलं, "बाळा, तू जाणार कुठे?" रोज शाळेत आणि सुटीत मित्रांबरोबर जुन्नरहून नाणेघाटाला. म्हणजे डांबरी रस्ता, मधूनमधून खड्डे आणि चढ.

१९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातली पोरं जुन्या जड सायकली घेऊन डोंगर उतरायची. त्यातून हा प्रकार वाढला. मागचा शॉकअप कामाचा खडकाळ उतारावर. चढावर मात्र स्वस्तातल्या सायकलीची स्प्रिंग प्रत्येक पायडलला दबते, पायातला जोर खाते. शिवाय वजन वाढतं ते वेगळंच.

थोरल्याला मीच तसली घेऊन दिली होती. चार चढांत पोरगं दमलं. सायकल पडवीत गंजतेय आणि तो आता मोटारसायकल मागतोय. पैशांपेक्षा त्याची सायकल सुटली, हे मला जास्त लागतं.

म्हणून माझं मत : कच्ची वाटही करायची असेल, तर फक्त पुढे शॉकअप असलेली, हलके गिअर असलेली सायकल घ्यावी. नुसता डांबरी रस्ता असेल, तर कमी रुंद टायरची हायब्रीड बरी. उरलेले पैसे चांगल्या ब्रेकवर घालावेत. आणि माप पोराच्या आजच्या उंचीचं, 'वाढत्या अंगाचं' नको.

नातू अजून फुगलेलाच आहे. रविवारी दोन्ही प्रकार चढावर चालवून बघायचं ठरलंय. निकाल त्याचे पायच देतील!