तिकीट हाती, दार बंद!

क्रीडास्पर्धा जगाला जवळ आणतात, असे म्हणण्याचा प्रघात आहे. स्पर्धा मात्र कोणत्या तरी देशाच्या भूमीवरच भरते आणि त्या भूमीला सीमा असते. सीमेवर कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला परत पाठवायचे, हे ठरविण्याचा अधिकार सार्वभौम राष्ट्राचा असतो. आंतरराष्ट्रीय फुटबॉल महासंघ तिकीट विकू शकतो, सीमा उघडू शकत नाही. खेळाचा बाजार जागतिक आणि प्रवेशाचा निर्णय राष्ट्रीय, या दोहोंमधील फटीत सामान्य क्रीडारसिक सापडतो.

प्रवेशावर बंधने असावीत की नाहीत, हा वाद निरर्थक आहे. २९ मे १९८५ रोजी ब्रुसेल्सच्या हेझेल मैदानात ३९ प्रेक्षकांचा बळी गेला आणि इंग्लिश संघांना युरोपीय स्पर्धांची दारे पाच वर्षे बंद झाली. १९९८ च्या विश्वचषकात जर्मन हुल्लडबाजांनी लाँस येथे एका फ्रेंच पोलिसाला मरणासन्न होईतो मारले. २००० च्या युरोपीय स्पर्धेत इंग्लिश प्रेक्षकांनी बेल्जियममध्ये घातलेल्या धुडगुसानंतर ब्रिटनने स्वतःचा कायदा अधिक कडक केला. सिद्ध हुल्लडबाजांचे पासपोर्ट स्पर्धेच्या काळात पोलिसांकडे जमा होऊ लागले. २००६ मध्ये जर्मनीतील विश्वचषकाच्या वेळी अशी बंदी असलेल्यांची संख्या तीन हजारांहून अधिक होती. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, ब्रिटनने आपल्याच नागरिकांना रोखले. तेही त्यांच्या नावानिशी आणि त्यांच्या वर्तनावरून. सर्व इंग्लिश प्रेक्षकांना सरसकट दोषी ठरविले नाही.

रशियाने २०१८ मध्ये वेगळा मार्ग चोखाळला. सामन्याचे तिकीट घेणाऱ्याने ‘फॅन आयडी’ हे ओळखपत्र काढायचे, रशियन यंत्रणा त्याची पूर्वतपासणी करणार आणि ते पत्र गळ्यात असले की व्हिसाची गरज नाही, अशी ती योजना होती. यजमान शहरांमधील विशेष रेल्वेगाड्यांचा प्रवासही त्यावर विनामूल्य होता. कतारने २०२२ मध्ये ‘हय्या’ कार्डाची पद्धत आणली. १ नोव्हेंबरपासून त्याविना देशात प्रवेश नव्हता आणि निवासाची सोय आधी दाखवावी लागत असे. त्याच स्पर्धेसाठी, राजनैतिक संबंध नसतानाही, तेल अवीवहून दोह्यापर्यंत विशेष विमानांना अनुमती मिळाली. दोन्ही देशांची राज्यपद्धती उदारमतवादी म्हणून ओळखली जात नाही. तरीही प्रेक्षकाला नियम आधी कळले होते आणि तिकीट व प्रवेश यांची सांगड घातलेली होती, हे मान्य करावे लागेल.

अर्थात, या सवलतीला दुसरी बाजूही होती. रशियात ‘फॅन आयडी’वर आलेले काही जण परत गेलेच नाहीत, काहींनी त्याच पत्राच्या आधारे पश्चिम युरोपात शिरण्याचा प्रयत्न केला आणि फसवून आणलेले काही नायजेरियन नागरिक मॉस्कोत अडकून पडले. तेव्हा यजमानाची भीती काल्पनिक नसते. दार उघडताना आलेला पाहुणा परत कसा जाणार, याचाही विचार करावाच लागतो.

२०२६ च्या विश्वचषकाचे यजमानपद अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको या तीन देशांकडे गेले. ४८ संघ, १०४ सामने, १६ शहरे. स्पर्धा एक, पण प्रवेशाची कायदेशीर चौकट तीन! युरोपातील बहुतेक देशांच्या नागरिकांना अमेरिकेसाठी संगणकावरील पूर्वपरवानगी पुरेशी. भारतीय नागरिकाला मात्र १८५ डॉलरचे शुल्क आणि मुलाखतीची प्रतीक्षा. कॅनडासाठी पुन्हा वेगळा अर्ज. मुंबईच्या अमेरिकी वाणिज्य दूतावासात पर्यटक व्हिसाच्या मुलाखतीसाठी एकेकाळी वर्षाहून अधिक थांबावे लागत होते, हे महाराष्ट्रातील कुटुंबांना वेगळे सांगावयास नको. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने तिकीटधारकांना मुलाखतीत प्राधान्य देण्याची योजना जाहीर केली. परंतु तिकीट म्हणजे व्हिसा नव्हे, हेही त्याच वेळी बजावले.

याहून गंभीर प्रश्न निराळाच आहे. जून २०२५ मध्ये अमेरिकेने बारा देशांच्या नागरिकांवर प्रवेशबंदी घातली. त्यांत इराण आणि हैती होते. खेळाडू, प्रशिक्षक व त्यांचे निकटचे आप्त यांना सूट, प्रेक्षकांना नाही. डिसेंबरमध्ये यादी वाढली आणि सेनेगल व आयव्हरी कोस्ट यांच्यावरही अंशतः निर्बंध आले. हे चारही देश स्पर्धेसाठी पात्र ठरले होते. हैती तर १९७४ नंतर प्रथमच. अर्धशतकानंतर संघ विश्वचषकाला जातो आणि मायदेशातील पाठीराख्याला दार बंद! त्याचा गुन्हा कोणता? तर त्याच्या पासपोर्टचा रंग. याच इराणच्या युवा संघाने १० ऑक्टोबर २०१७ रोजी गोव्यातील मडगावच्या मैदानावर जर्मनीला ४-० असे पराभूत केले होते. भारतातील त्या १७ वर्षांखालील विश्वचषकाला साडेतेरा लाखांच्या आसपास प्रेक्षक लाभले.

सुरक्षेसाठी असे करावे लागते, हे त्यावरचे ठरलेले उत्तर. पण ते कितपत टिकते? या प्रश्नाचे उत्तर मुंबईइतके दुसऱ्या कोणत्याही शहराला ठाऊक नसेल. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याची पाहणी करणारा डेव्हिड हेडली भारतात आला तो रीतसर व्हिसावर आणि अमेरिकी पासपोर्टवर. २००६ मध्ये त्याने दाऊद गिलानी हे नाव बदलले आणि पासपोर्टवरील नव्या नावाने त्याच्यासाठी दारे उघडली. देश पाहून माणूस पारखणाऱ्या यंत्रणेच्या हातून निरपराध अडतात आणि अपराधी सुटतात, याचा याहून कठोर पुरावा तो कोणता? माणसाची चौकशी हीच खरी सुरक्षा. ध्वजाची चौकशी हा तिचा केवळ आभास.

हा विचार भारताने दुसऱ्यांसाठी नव्हे, स्वतःसाठी करावयाचा आहे. २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला होणार हे निश्चित झाले आहे आणि २०३६ च्या ऑलिंपिकची आकांक्षा देशाने जाहीर केली आहे. २०२३ च्या क्रिकेट विश्वचषकात पाकिस्तानी प्रेक्षकांना व्हिसा मिळाले नाहीत. सीमेपलीकडून होणारा दहशतवाद पाहता त्यामागील सावधगिरी समर्थनीयच होती. परंतु तो निर्णय वेळेवर आणि स्पष्ट शब्दांत जाहीर झाला असता, तर तक्रारीला जागाच उरली नसती. ठाम नकार देण्यात कमीपणा नाही. कमीपणा असतो तो ताटकळत ठेवण्यात.

म्हणून चार गोष्टी आतापासून ठरवाव्यात. प्रवेशाच्या अटी तिकीटविक्री सुरू होण्यापूर्वी प्रसिद्ध व्हाव्यात. छाननी व्यक्तीच्या पूर्वेतिहासाची व्हावी आणि ती कसून व्हावी. व्हिसा नाकारल्यास तिकिटाचे पैसे परत मिळावेत. आणि आलेल्या प्रत्येकाच्या परतीची नोंद असावी. अतिथीला देव मानणाऱ्या परंपरेने दार सताड उघडे टाकावे, असे कधीच सांगितलेले नाही. आलेल्याची ओळख पटवून घेणे हा गृहस्थाचा अधिकार आहे. आणि निमंत्रण देऊन उंबरठ्यावर अपमान न करणे, हा त्याचा धर्म आहे.