गोळी पोरास, मत बापाचे

नागऱ्याच्या महाशिवरात्रीच्या यात्रेतून पोरे बत्तासे, रेवड्या घेऊन घरी येतात, त्याबद्दल आमची तक्रार नाही. तो खाऊ बापाच्या घामाच्या पैशाचा असतो. परंतु निवडणुकीच्या दिवसांत दुसऱ्याच एका खाऊची गाडी गावोगाव फिरू लागते, तिच्याविषयी चार शब्द लिहिणे आम्हांस भाग आहे.

एका निवडणुकीत अशी गाडी नेमकी शाळा सुटण्याच्या वेळी फाटकाशी येऊन उभी राहिली. पूर्वी पोरांना पत्र्याचे बिल्ले मिळत. आता काळ सुधारला! काडीवरची रंगीत गोळी, काडीच्या जागी शिट्टी, आणि वेष्टनावर उमेदवाराचा मुखडा व चिन्ह. कोणाचे चिन्ह, हे आम्ही येथे सांगत नाही. आज एकाचे होते, उद्या दुसऱ्याचे असेल. एक गोळी फुकट; उमेदवाराच्या नावाने जयघोष केला तर दुसरी. पोरे घसा फोडून ओरडली. एक वेष्टन आम्ही उचलून पाहिले. मुखडा ठळक होता, पण गोळी कोणी केली, केव्हा केली, याचा एक अक्षर उल्लेख नव्हता. पाचदहा रुपयांच्या मालावरही आपण हे पाहून घेतो.

आम्ही गाडीवाल्यास हटकले, तेव्हा तो हसून म्हणाला, "गुरुजी, पोरांना कुठे मत असते? मग ही लाच कशी?"

हा प्रश्न वाटतो तितका भोळा नाही. त्याच संध्याकाळी आमच्या वर्गातील एका पोराने धान चुरून दमून आलेल्या बापास म्हटले, "बा, त्या गोळीवाल्यालेच मत दे ना!" गाडीवाल्यास हेच हवे होते. बापाच्या हातावर पाचशेची नोट ठेवली तर तो कदाचित रागाने फेकून देईल. पोराच्या तोंडातली गोळी तो कशी काढून घेणार? दारावर उंबऱ्याबाहेर थांबणारा प्रचारक पोराच्या जिभेवर बसून थेट चुलीपर्यंत जातो.

कायदा करणारांस ही युक्ती ठाऊक होती. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे १२३ वे कलम सांगते की, मतदाराचे मत वळवण्याच्या हेतूने उमेदवाराने किंवा त्याच्या संमतीने दुसऱ्याने कोणत्याही व्यक्तीस दिलेली देणगी ही लाचच होय. कोणत्याही व्यक्तीस! ती व्यक्ती मतदारच असली पाहिजे, असे तेथे लिहिलेले नाही. हेतू मात्र सिद्ध करावा लागतो, आणि एका गोळीचा हेतू कोण सिद्ध करीत बसतो? शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत निवडणुकीतील लाचेस एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या असल्या, तरी लाच खाण्यापिण्याच्या रूपाने दिली असल्यास केवळ दंडच आहे. ही फट कोणाच्या सोयीची, हे वाचकांनीच ओळखावे. पोरांकडून जयघोष करवून घेण्याविषयी मात्र संशय नको. ५ फेब्रुवारी २०२४ रोजी निवडणूक आयोगाने मुलांना प्रचारात कोणत्याही प्रकारे वापरू नये, असे सर्व पक्षांस बजावले आहे.

चिन्ह ही वस्तू मुळात आली कशासाठी? १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बहुसंख्य मतदारांस अक्षरओळख नव्हती. आपल्या आजोबांस आपला माणूस ओळखता यावा म्हणून ती चित्रे छापली. त्यापूर्वी सारा भरणारास, मालमत्तावाल्यास किंवा शिकलेल्यासच मत असे. कुळाने, सुताराने, कोष्ट्याने बाहेर उभे राहून पाहावे. त्या आजोबांचे चित्र आज नातवास चघळायला देतात!

गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होते. १९५४ साली भंडाऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. मतदारसंघ दोन जागांचा, म्हणून प्रत्येकास दोन मते. दुसरे मत वाया घालवा, म्हणजे बाबासाहेबांचे पारडे जड होईल, असा सल्ला कार्यकर्त्यांनी दिला व त्यांनी तो मानला नाही, अशी आठवण सांगितली जाते. ते पडले. मत वाया घालवा असे लोकांना सांगण्यापेक्षा पडणे त्यांनी पत्करले, आणि त्याच मुलखात आज मताची किंमत शिट्टीच्या गोळीवर आली आहे.

बंधुभगिनींनो, पोरास मारू नका. त्याचा काय दोष? गाडीचा क्रमांक टिपा, छायाचित्र काढा. लोकसभा-विधानसभेच्या वेळी आयोगाच्या सी-व्हिजिल या मोबाइलवरील सोयीने तक्रार जागेवरूनच करता येते, व शंभर मिनिटांत तिची दखल घ्यावी असा दंडक आहे.

त्या पोराचा बाप दुसऱ्या दिवशी गाडीपुढे उभा राहिला. धानाचा चुकारा महिनोन्‌महिने का अडतो, खरेदी केंद्रावर बारदाना का नसतो, एवढेच त्याने विचारले. गाडीतल्या माणसाने डब्यात हात घातला, आणखी मूठभर गोळ्या पोराच्या ओंजळीत टाकल्या, आणि गाडी गोंदियाच्या रस्त्यास लागली.