स्वप्न पाहणारा कोण?

स्वप्न म्हणजे झोपलेल्या मेंदूची निरर्थक बडबड, असे हल्ली मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले जाते. १९५३ साली अमेरिकेत अ‍ॅसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी झोपेतील डोळ्यांच्या जलद हालचालींची नोंद प्रसिद्ध केली. १९७७ साली हॉब्सन आणि मॅकार्ली यांनी स्वप्नाचे मूळ मस्तिष्कस्तंभातील चेतनेत शोधले. हे संशोधन नाकारण्याचे काहीच कारण नाही. आक्षेप आहे तो त्यावरून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाला. स्वप्न मेंदूचे, म्हणून ‘मी’ही मेंदूचाच, आणि देह जळाला की प्रश्न मिटला! वीणेची तार कशी कंप पावते हे सांगितले, म्हणजे ऐकणारा कोण हेही सांगून झाले काय?

बृहदारण्यकात याज्ञवल्क्य जनकाला सांगतात, स्वप्न हे इहलोक आणि परलोक यांमधील संधिस्थान आहे. मोठा मासा नदीच्या दोन्ही काठांना संचार करतो, तसा पुरुष स्वप्नात आणि जागृतीत संचार करतो. कोल्हारला प्रवरेच्या काठी वाढलेल्या माणसाला हा दृष्टान्त समजावून सांगावा लागू नये. याच प्रवरेच्या काठी, खाली नेवाशाला, ज्ञानेश्वरांनी १२९० साली गीतेचा अर्थ मराठीत आणला. मासा काठ नव्हे, एवढेच ध्यानात घ्यायचे. जत्रेत स्वप्नफलाच्या पुस्तिका विकणारेही (साप दिसला तर धन, दात पडला तर मृत्यू!) नेमके हेच विसरतात. त्यांचे आणि जडवाद्यांचे लक्ष चित्रावर. पाहणाऱ्याची चौकशी दोघांनाही नको.

कोल्हारहून उत्तरेस गोदावरी ओलांडली की वैजापूर तालुका. तेथील शिऊरला संत बहिणाबाईंची समाधी आहे. कोल्हापुरास असताना आवडते वासरू गेले, त्या दुःखात त्या निश्चेष्ट पडल्या आणि स्वप्नात तुकोबांनी त्यांना अनुग्रह दिला. ब्राह्मण घरच्या मुलीने कुणब्याला गुरू करावे, हे पतीला असह्य झाले. मार पडला, छळ झाला. त्यांच्या आत्मचरित्रपर अभंगांत हे सारे आले आहे. दडपलेल्या इच्छेचा हा खेळ, असे फ्रॉइडचे अनुयायी म्हणतील. म्हणोत. जागेपणी ज्या ‘अमक्याची पत्नी, तमक्या जातीची’ होत्या, त्यांची ती सारी विशेषणे स्वप्नात गळून पडली आणि तरीही ‘मी’ शिल्लक राहिला, याचा उलगडा त्या सिद्धान्ताने होत नाही. स्वतः तुकोबांनाही बाबाजी चैतन्यांचा उपदेश स्वप्नातच झाला होता.

१७०० साली देह ठेवताना बहिणाबाईंनी पुत्र विठोबाला आपल्या मागील बारा जन्मांची हकीगत सांगितली. ती खरी मानण्याची सक्ती कोणावर नाही. पण मृत्यू समोर असताना ही बाई बारा देहांविषयी जशी बोलली, तसे आपण सकाळी उठून रात्रीच्या स्वप्नाविषयी बोलतो. गाढ झोपेतून उठलेला जडवादीही म्हणतोच, ‘छान झोप लागली, काही कळले नाही’. काहीच कळत नव्हते, तर हे कोणाला कळले?